वाड्याचा वारसा आणि सदनिकेतील संसार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी घरातली सर्व मंडळी जमली होती. निमित्त सणाचे असले तरी खरा विषय निराळा होता. आमचा जुना वाडा उतरवायचा हे ठरून गेले होते. मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वीच खचली होती, माळवद गळत होते, आणि आजीने तिथे एकटीने राहावे अशी तिची प्रकृती उरली नव्हती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. त्याने बोटांनी टकटक करून खांबांचे लाकूड पाहिले, दिंडी दरवाजावरच्या पितळी फुल्या मोजल्या, झोपाळ्याच्या कड्या हातात घेऊन वजनाचा अंदाज केला आणि वहीत आकडे मांडले. जाता जाता तो वडिलांना म्हणाला, "साहेब, शहरात या खांबांना फार मागणी आहे. लोक फ्लॅटमध्ये लावतात."

आजीला घेऊन आम्हीही पुण्याच्या फ्लॅटमध्येच परतणार होतो. म्हणजे हे खांब कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाणार आणि ज्यांचे ते होते ती माणसे दुसऱ्या दिवाणखान्यात! मग या घरातले आपण बरोबर काय न्यायचे? गृहसजावटीच्या पुस्तकांत आणि मासिकांत 'परंपरा आणि आधुनिकता यांचा मिलाफ' हे शब्द आपण नेहमी वाचतो. त्या मिलाफात परंपरा म्हणजे नेमके काय घ्यायचे, हा प्रश्न त्या दिवशी माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही. त्यावर वाचून, पाहून आणि घरात पुष्कळ वाद घालून जे वाटले ते या लेखात मांडत आहे.

'वाडा' म्हटले की शनिवारवाडा नाहीतर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा डोळ्यांपुढे येतो. परंतु देशावर गावोगावी सामान्य गृहस्थांचे जे वाडे होते, त्यांची बांधणीही त्याच जातीची असे. दगडी जोते, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. घराचा भार मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर असे; मधल्या जागा विटामातीने भरून जाड भिंती उभ्या राहत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे मापही खणांतच सांगत. आमचा सोपा चार खणी आहे. एक खण सव्वापाच फुटांचा भरला. माणसाने हात पसरून उभे राहावे, जवळपास तेवढा.

आता गंमत पाहा. आजची काँक्रीटची इमारतही खांब आणि तुळया यांचा सांगाडाच असते. भिंती केवळ आडोशापुरत्या. बांधणीच्या दृष्टीने वाडा आणि सदनिका हे वाटतात तितके परके नाहीत. पण आपण करतो काय? खोलीच्या कोपऱ्यात पुढे आलेला काँक्रीटचा खांब दिसू नये म्हणून त्याच्याभोवती कपाट उभे करतो, तुळई झाकायला प्लॅस्टरचे खोटे छत लावतो आणि मग व्यापाऱ्याकडून आणलेला एक नक्षीदार लाकडी खांब भिंतीला टेकवतो. त्या खांबावर भार कसला, तर फार तर एका दिव्याचा! भार वाहतो तो झाकायचा आणि काहीच वाहत नाही तो मिरवायचा, असा हा प्रकार. तळखड्यावरून उतरलेला खांब म्हणजे बेघर झालेला खांब, असे मी घरात म्हणाले, तेव्हा काकांनी मला 'कवयित्री' म्हणून चिडवले. त्याचे मला वाईट वाटले नाही.

वाड्याचे खरे मर्म नक्षीत नसून क्रमात आहे. रस्त्यावरून आत यायचे तर आधी दिंडी, मग देवडी, मग उघडा चौक, चौकाभोवती ओसरी व सोपा, त्यामागे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि देवघर, शेवटी परसू. प्रत्येक पायरीला उजेड बदलतो. चौकात डोळे दिपतील असे ऊन, ओसरीवर सावलीचा उजेड, माजघरात भर दुपारी संध्याकाळ. उन्हाळ्यात चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि आजूबाजूच्या खोल्यांतून हवा खेळती राहते; हात-दीड हात जाडीच्या भिंती दिवसाचे ऊन आत पोचायलाच संध्याकाळ करतात. आमच्या माजघरात एप्रिल महिन्यात पंखा नसताना झोप लागे, ती या दोन गोष्टींमुळे. यातले खांब नेता येतात, दिंडी नेता येते. चौक नेता येत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत चौकाला आकडा नव्हता तो याचसाठी.

वस्तूंचे जतन करण्याची योग्य जागा कोणती, हे पाहायचे तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे आणि गवाक्षे जमवली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तो तिथे पुन्हा उभा केला आहे. तिथले अडकित्ते पाहताना त्यांनी सुपारी कातरायची नाही, हे आपल्याला आपोआप कळते. घराचे तसे नसते. घरात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला कोणीतरी रोज पुसावे लागते, ओलांडावे लागते. संग्रहालयाची रीत घरात आणली की आई म्हणते तसे होते: "धूळ पुसायला आणखी एक."

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. जुने ते सारे या मातीतलेच आणि अनादी काळापासून चालत आलेले, असे आपण गृहीत धरतो. कोकणातल्या घराचे चित्र काढायला सांगा. प्रत्येक विद्यार्थी लाल मंगलोरी कौले रंगवील. ती कौले बाझल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतरची आहेत. त्याआधी नळीची कौले नाहीतर गवताचे शाकार असत. देवघराच्या भिंतीवरची लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर घ्या. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, तेव्हा कुठे असली रंगीत चित्रे घरोघर पोचू लागली. जुन्या बंगल्यांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या आज 'पारंपरिक' म्हणून पुन्हा शोधल्या जातात. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज हा त्यांचा कारखाना १९२२ साली निघाला तो स्वदेशीच्या भावनेतून, आणि त्या काळी तो माल अगदी नवाच होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनीही त्यांच्या काळातले नवे घरात घेतले. फरक एवढाच, की ते त्यांनी वापरायला घेतले. कौलांनी पाऊस अडवला, तसबिरीपुढे उदबत्ती लागली, फरशीवर पंगती बसल्या.

वापर सुटला की काय होते, याचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे वारली चित्रे. चादरी, पडदे, चहाचे कप, न्हाणीघराच्या टाइल्स, सगळीकडे ती पांढरी त्रिकोणी माणसे फेर धरून नाचताना दिसतात. आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात रंगमंचाची सजावटही 'वारली' असते. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात या चित्राचे मूळ स्थान म्हणजे लग्नघराची भिंत. सारवून गेरूने लाल केलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. 'लिहीत' हाच शब्द, 'काढीत' नव्हे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. भिंत पुन्हा सारवली की चित्र जाई; ते टिकवायचे नव्हतेच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी तिथल्या लोकांना कागद आणि रंग दिले, आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांच्या हातून भिंतीवरची ही कला कागदावर आली. बायकांच्या हातची विधीतली कला एका पुरुषाने रोजची केली, शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळे, असे विषय तिच्यात आणले, आणि तिला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

याचा अर्थ वारली चित्र घरात लावू नये असा नव्हे. मशे यांनीच ते भिंतीवरून सोडवून आपल्यापर्यंत आणले. पण छापील स्टिकरमध्ये चित्रकार कोण हे नसते, चौक कोणता आणि नाच कोणता हा भेद नसतो, आणि देवीचा चौक आरशाखाली साबणाच्या फेसात येतो. त्याच्या किमतीत, किंवा थोड्या अधिक किमतीत, एखाद्या वारली चित्रकाराने स्वतः काढलेले, सही केलेले लहानसे चित्र मिळू शकते. एक चित्र, एक भिंत. सगळे घर 'वारली' करण्याचा अट्टाहास कशासाठी? कुणी आपले घर 'तैलचित्र' करीत नाही.

मग सदनिकेत न्यायचे काय? माझे उत्तर असे: वस्तू न्यायची तर तिचा वापर बरोबर न्यावा, आणि वस्तू नेता येत नसेल तर निदान वापर तरी न्यावाच. ही कल्पना माझी नाही. मुंबईच्या कंबाला टेकडीवर 'कांचनजंगा' नावाची उंच इमारत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही इमारत १९८३ साली पुरी झाली. मुंबईत समुद्राचा वारा हवा तर घर पश्चिमेला उघडे पाहिजे. पण दुपारचे ऊन आणि पावसाळ्याचे झोडपणेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती ती खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून. कोरियांनी तोच व्हरांडा उंच उचलला. प्रत्येक सदनिकेच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीचा खोल, उघडा सज्जा ठेवला. बाहेरून पाहिले तर त्या इमारतीवर ना कोरीव खांब, ना कमान. तरीही ती जुन्या बंगल्याची नात आहे. ती श्रीमंतांची इमारत, हे खरे. पण याच कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला मध्यम व अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी जी वसाहत १९८०च्या दशकात उभारली, तिच्यात सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती बसवली आहेत. हे अंगण साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. घरे फारशी मोठी नाहीत, पण चौक सुटलेला नाही.

हे वाचून मी आमच्या पुण्याच्या फ्लॅटकडे पाहिले, तेव्हा लक्षात आले की आमच्याकडे ओसरी होती आणि आम्हीच ती गिळली होती. चार फूट रुंद, दहा फूट लांब अशी गॅलरी. सात वर्षांपूर्वी सरकत्या काचा लावून आम्ही ती दिवाणखान्यात घेतली. खोली मोठी झाली आणि दुपारी तीननंतर बसवत नाही इतकी तापू लागली. आजूबाजूच्या बहुतेकांनी हेच केले आहे. ओसरी म्हणजे धड घर नाही, धड रस्ता नाही अशी जागा. तिथे बसून भाजी निवडता येते, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलता येते, कुणाला घरात न घेताही बसवता येते. ती बंद करून जिंकलेल्या चाळीस चौरस फुटांत आम्ही जुन्या घराची आठवण म्हणून एक पितळी समई ठेवली होती!

कोनाड्याचेही असेच. वाड्याच्या भिंतीत जागोजागी कोनाडे. देवापुढच्या दिव्याचा वेगळा, उंबऱ्याजवळचा वेगळा, माजघरात आजीच्या चष्म्याचा आणि सुईदोऱ्याचा वेगळा. ते शोभेचे नव्हते. वीज नसताना दिवा वाऱ्यापासून राखायचा आणि लागणारी वस्तू हाताशी असायची, एवढेच. सदनिकेतली आतली भिंत बहुधा चार-साडेचार इंचांची. तिच्यात कोनाडा कोरायला गेलो तर पलीकडच्या खोलीत निघू. काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला तर हातच लावू नये. आत पोलाद असते आणि भार त्याच्यावर असतो. मात्र कपाटांची रांग करून घेताना मधे हाताच्या उंचीवर एक कप्पा दाराशिवाय मोकळा सोडता येतो. साधारण एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आमच्या मिस्त्रींनी आधी त्याला वर महिरप कापून देऊ का, असे विचारले. आजी म्हणाली, "महिरप नको बाबा, तिथे धूळ बसते. कड तेवढी गोल कर, हाताला लागायला नको." मला हे उत्तर सजावटीवरच्या दोन प्रकरणांहून अधिक शिकवून गेले.

फरशीबद्दल थोडक्यात. कर्नाटकातल्या शहाबादहून येणारी करडी फरशी स्वस्त आहे, पायाला थंड आहे, आणि वापराने गुळगुळीत होत जाते. पण हा चुनखडीचा दगड; लिंबू, चिंच आणि फरशी धुण्याचे ॲसिड त्याला चालत नाही, डाग कायमचा पडतो. स्वयंपाकघरात ती लावायची तर हे पत्करून लावावी. भिंतींना चुना द्यायची आजकाल पुन्हा आवड निर्माण झाली आहे. आधीच्या प्लॅस्टिक रंगावर तो धरत नाही, खपल्या निघतात. जुना रंग खरवडूनच चुना द्यावा लागतो. हे न सांगणारे पुष्कळ भेटतात.

झोपाळ्यावरून घरात सर्वांत मोठे भांडण झाले. वडिलांना तो हवाच होता. आमचा पाट पाच फूट लांब, दोन फूट रुंद. मागेपुढे दीड-दीड फूट झोका घ्यायचा तर पाच फूट जागा मोकळी हवी. दहा बाय बाराच्या खोलीत झोपाळा आला की बाकी काही येत नाही. शिवाय झोक्याचा हिसका स्थिर वजनाहून जास्त असतो, म्हणून छतात कड्या बसवण्याआधी इंजिनिअरला विचारणे भाग आहे. कड्या खोट्या छतात अडकवून, न हलणारा झोपाळा शोभेसाठी टांगलेला मी एका घरात पाहिला आहे. त्यापेक्षा खुर्ची बरी.

आतापर्यंत मी वाड्याची बाजू घेतली. पण एवढ्यावर थांबले तर ती अर्धीच गोष्ट होईल. मघाशी मी त्या क्रमाचे गुण गाइले: दिंडी, देवडी, ओसरी, माजघर. हाच क्रम माणसांचाही होता. कोणत्या जातीच्या माणसाने कुठवर यायचे, हे त्या उंबऱ्यांनी ठरवले होते. काहींना देवडीपर्यंत, काहींना फक्त दिंडीबाहेरच्या दगडापर्यंत. आमच्या दिंडीबाहेरचा तो दगड अजून आहे, आणि लहानपणी मी त्यावर खेळले आहे. तो कशासाठी होता हे मला यंदा कळले. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचे. परसाकडच्या आडोशाला एक अंधारी खोली. महिन्याचे चार दिवस बायकांनी तिथे बसायचे. बाळंतिणीची खोली तर बिनखिडकीची. ज्या माजघराच्या गारव्याचे मी कौतुक केले, त्याच गारव्यात आजीने दिवसाचे ऊन न पाहता वर्षे काढली.

आणि चूल! हल्ली शहराबाहेरच्या उपाहारगृहांत चूल मांडून 'गावाकडचे स्वयंपाकघर' दाखवतात. माझ्या चुलतभावाने उत्साहाने सुचवले, की फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात चूल, जाते, पाटा-वरवंटा असा देखावा करू. आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "फुंकणी फुंकून माझे डोळे गेले. मला उभ्याचा ओटा आणि वर धूर ओढणारा पंखा दे. जाते हवे तर तू दळ." त्यावर कुणी काही बोलले नाही. वारसा ज्यांच्या अंगाखांद्यावरून गेला त्यांना आधी विचारावे, हे आमच्यापैकी एकालाही तोवर सुचले नव्हते.

खांब अखेर व्यापाऱ्यालाच दिले. भाव बरा मिळाला, आणि आम्हाला पैशांची गरज होती. दिंडी काकांनी त्यांच्या नव्या घरासाठी ठेवली. ते ती बाहेरच्या फाटकाला लावणार आहेत, म्हणजे ती उघडेल आणि मिटेल. आमच्याकडे आला तो झोपाळ्याचा पाट, कड्यांशिवाय. गॅलरीच्या सरकत्या काचा काढल्या आणि पाट तिथे दोन लोखंडी पायांवर बाकासारखा बसवला. वडिलांची कुरकूर चालूच आहे, कारण खोली लहान झाली, धूळ येते, आणि कबुतरांसाठी जाळी बसवावी लागली ती निराळी. दुपारची खोली मात्र पूर्वीसारखी तापत नाही. सकाळी आजी पाटावर बसून भाजी निवडते. समोरच्या इमारतीतल्या एक बाई त्याच वेळी कपडे वाळत घालायला येतात, आणि दोघींचे मोठमोठ्याने बोलणे चालते. परवाच्या पावसात पाट भिजला आणि लाकूड थोडे फुगले. जूनच्या आत त्याला जवसाचे तेल द्यायला हवे होते, ते माझ्याकडूनच राहिले.